रिकाम्या पाटांची हजेरी

पूर्वी शोणवती नावाच्या नगरीवर जनवर्मा राजाचं राज्य होतं. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका गरीब सुताराच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव सुनेत्र. बाप लवकर गेला, घरात खायचे वांधे, आणि कसब काही कुणी फुकट शिकवत नाही. पण राजा मनाचा चांगला होता. नदीकाठी नावा बांधणारे जे आचार्य होते, त्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, ‘‘गरिबांची मुलं शिकायला ठेवा. त्यांचं धान्य आणि कापड माझ्या कोठारातून येईल.’’ त्या धान्यावर सुनेत्र वाढला, नावा बांधायला शिकला आणि पुढे राजाने त्याला आसनाध्यक्ष नेमलं. म्हणजे कोणत्या आचार्याकडे किती मुलं शिकतात हे जाऊन पाहायचं आणि तेवढं धान्य सोडायचं, हे त्याचं काम.

आता तिथली रीत सांगतो. मुलगा शिकायला आला की आचार्य त्याच्यासाठी एक पाट करी. पाटाच्या खालच्या अंगाला स्वतःच्या हाताने त्याचं नाव कोरी आणि तो पाट आपल्या मांडवात मांडी. नाव कोरलं की जागा भरली. मुलगा शिकून बाहेर पडेपर्यंत त्या पाटावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही आणि त्या मुलानेही दुसऱ्या आचार्याच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही. मात्र आचार्याने स्वतः हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, दिल्याशिवाय शिकणं सुरू झालं असं कुणी मानत नसे. राजाचं धान्य मिळे ते पाटामागे. रीत तशी वाईट नव्हती. आचार्याने मनाला येईल तेव्हा मुलाला हाकलून देऊ नये म्हणून कुणा शहाण्याने ती घातली होती. पण रीत घालणारा एक असतो आणि तिच्यातून वाट काढणारे दहा असतात.

दर पौर्णिमेला भर दुपारी सुनेत्र मांडवामांडवातून फिरे आणि नावं पुकारी. शिकणारी मुलं कधी रानात लाकूड आणायला गेलेली, कधी नदीत नावेखाली शिरलेली. म्हणून मुलगा समोर नसला तर त्याच्या वतीने आचार्य ‘‘आहे’’ म्हणे. आधीच्या अध्यक्षांनी हे चालवून घेतलं होतं. सुनेत्रानेही सात वर्षं चालवून घेतलं. बोधिसत्त्व झाला म्हणजे चुकत नाही असं कुणी समजू नका. तोही माणसासारखाच चुकतो, फक्त चूक कळल्यावर तिच्याकडे पाठ फिरवत नाही.

सर्वांत मोठा मांडव दृढनेमी आचार्याचा. तो आणि सुनेत्र एकाच गुरूकडे शेजारी शेजारी बसून शिकलेले, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचं. त्याच्या मांडवात बारा पाट होते. दोहोंवर त्याचे पुतणे बसलेले, दहा रिकामे.

त्या पौर्णिमेला ऊन असं काही तापलं होतं की नदीवर पाखरूसुद्धा नव्हतं. सुनेत्राने पहिलं नाव घेतलं, ‘‘भल्लाट.’’

दृढनेमीने तोंड उघडलं, पण त्याचा आवाज निघण्याआधीच उत्तर आलं.

‘‘आहे.’’

लहान मुलाचा आवाज. कोपऱ्यातल्या पहिल्या पाटावरून आला. पाटावर कुणी नव्हतं. सुनेत्राने पुतण्यांकडे पाहिलं, तर ती दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून मान खाली घालून बसली होती. त्यांना हे नवं नव्हतं.

‘‘वाऱ्याचा आवाज आहे रे,’’ दृढनेमी म्हणाला. वारा पडलेला होता.

सुनेत्राने दुसरं नाव घेतलं. दुसऱ्या पाटावरून उत्तर आलं, ‘‘आहे.’’ तिसरं घेतलं, तिसऱ्यावरून आलं. आवाज सगळे निराळे. एक बोबडा, एक घोगरा, एक असा की उत्तर द्यायला मिळालं याचाच त्याला आनंद झालेला. सुनेत्र पुकारत राहिला, कारण थांबलो तर पळत सुटू हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक रिकाम्या पाटापुढे ढलप्यांचा लहानसा ढीग होता, ताजा, लाकडाचा वास येणारा. शेवटचं नाव पूर्णक. त्या पाटावरून आधी खोकला ऐकू आला, मग उत्तर आलं.

सुनेत्र तिथून निघाला तो थेट भल्लाटाच्या घरी. भल्लाटाची आजी दारात शेंगा सोलत होती. ती म्हणाली, ‘‘भल्लाट जाऊन चार वर्षं झाली, बाबा. आचार्यांनी नाव कोरलं आणि लाकूड आलं की बोलावतो म्हणाले. वर्षभर वाट पाहिली. मग पोटासाठी मिठागराकडे निघाला, तो वाटेतच तापाने गेला.’’ दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्या घरी तसंच. कुणी तापाने, कुणी भुकेने, कुणी परमुलखात. नऊ घरं झाली, नऊ मुलं गेलेली. नाव दृढनेमीच्या पाटावर, म्हणून दुसऱ्या कुणी त्यांना घेतलं नव्हतं. आणि दर पौर्णिमेला ज्यांना नावाने हाक मारली जात होती ती हीच मुलं. सात वर्षं ही हाक सुनेत्राने स्वतः मारली होती.

दहावं घर गावाबाहेर, बुरडाची विधवा कपिला हिचं. पूर्णक तिचा मुलगा. तो जिवंत होता.

जिवंत म्हणजे एवढंच, की श्वास चालू होता. चौदा वर्षांचा मुलगा, पण खाटेवर दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. पाय गुडघ्यापर्यंत गार. कपिला ते चोळत बसली होती. ती म्हणाली, ‘‘आज दुपारी झोपेत ‘आहे’ म्हणाला. दर पुनवेला म्हणतो आणि म्हटलं की आणखी थोडा गार पडतो. आधी बोटं, मग घोटे, आता हे गुडघे. तीन वर्षं झाली त्याचं नाव कोरून. रोज त्या मांडवाच्या दाराशी जाऊन बसायचा. आता उठवत नाही, तर असा जातो.’’

सुनेत्र पूर्णकाच्या उशाशी बसला. मुलाने डोळे किलकिले केले आणि विचारलं, ‘‘मला बोलावलंय का?’’

‘‘बोलावतो,’’ सुनेत्र म्हणाला, आणि हे बोलताना त्याला आपलीच लाज वाटली, कारण दृढनेमीनेही नेमकं हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दृढनेमीकडे गेला. म्हणाला, ‘‘नऊ गेले ते गेले. हा एक आहे. उद्याच त्याला पाटावर बसव आणि हातात वाकस दे. पुढच्या पौर्णिमेपलीकडे तो टिकायचा नाही.’’

दृढनेमी म्हणाला, ‘‘त्याला बसवलं की लोक विचारतील बाकीचे कुठे आहेत. सुनेत्रा, तुला वाटतं मी मजेत आहे? दुपारी मी मांडवात थांबत नाही. ती पोरं काम करतात तिथे. माझ्याकडे पाहून शिकतात. जे शिकतात ते माझ्या हातातून जातं. परवा नावेची फळी वाकवायला घेतली आणि मला आठवेना ती कशी वाकवतात. मला.’’ त्याने दोन्ही हात पुढे धरले. ‘‘पण बोलून काय होणार आहे? माझा मांडव जाईल. आणि तुझं काय? सात वर्षं तू मान डोलावून पुढे गेलास. राजाला खोटी हजेरी देणाऱ्याची गाढवावरून धिंड निघते, घरदार जप्त होतं आणि हद्दपारी होते. माझ्या आधी तुझी निघेल. गप्प राहा. अर्धं धान्य तुझ्या घरी पाठवतो.’’

सुनेत्र घरी आला. खोटं कशाला बोला, तो घाबरला होता. तीन दिवस तो घरातून बाहेर पडला नाही. चौथ्या दिवसापासून तो कपिलेच्या झोपडीत भात आणि दूध पोचवू लागला. त्याला वाटलं, मुलाचं पोट भरलं म्हणजे झालं. पूर्णक निमूटपणे खाई, पण खाल्लेलं अंगी लागेना. आता पौर्णिमा नसतानाही गारठा गुडघ्यावरून मांड्यांवर चढला. वैद्याने नाडी पाहिली आणि कपिलेकडे न पाहताच निघून गेला. तेव्हा सुनेत्राला कळलं की मुलगा भुकेने मरत नाहीये. त्याची जागा एका ठिकाणी आहे आणि तो दुसरीकडे आहे, आणि हे अंतर आपल्याच पुकारण्याने पडलंय.

तो उठला, राजसभेत गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘महाराज, मी पाट मोजले, मुलं पाहिली नाहीत.’’ मग त्याने काही न लपवता सगळं सांगितलं.

राजा जनवर्मा म्हणाला, ‘‘शिक्षा काय आहे ठाऊक आहे तुला?’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘मग पौर्णिमेला मी स्वतः येतो. आधी पाहू दे.’’

पौर्णिमेच्या दुपारी राजा मांडवात आला. मागे नगरातले लोक, पण आत यायला कुणी धजेना. दृढनेमी खांबाला टेकून उभा होता. सुनेत्राने पूर्णकाला पाठीवर आणलं आणि त्याच्या पाटाशेजारी जमिनीवर निजवलं. मुलगा आता छातीपर्यंत गार पडला होता. कपिला त्याच्या डोक्याशी बसली.

राजाने पहिलं नाव पुकारलं. पाटावरून उत्तर आलं, ‘‘आहे.’’ राजाच्या हातातली काठी खाली पडली. पाटापुढच्या ढलप्या कुणी पाय हलवावेत तशा सरकल्या.

तेव्हा सुनेत्र पुढे झाला आणि हात जोडून उभा राहिला. सत्यवचनात बळ असतं, ते बोलून लोकांनी पूर आणि वणवे थोपवले आहेत, हे तो जाणून होता. पण ते लोक आपल्या पुण्याचं सत्य बोलले होते. तो म्हणाला, ‘‘माझ्याजवळ पुण्याचं सत्य नाही. लाजेचं आहे, तेच बोलतो. भल्लाटा, तू इथे नव्हतास. तुला कुणी बसवलं नाही. मी तुझं नाव घेतलं आणि तुझा चेहरा पाहिला नाही. हे खरं असेल तर तू मोकळा हो.’’

पहिल्या पाटावर कुणीतरी हलकेच सुस्कारा सोडला. मग तिथे नुसता पाट उरला.

सुनेत्राने दुसरं नाव घेतलं आणि तेच सांगितलं. तिसऱ्याला सांगितलं. नऊ वेळा तो सगळ्या नगरासमोर म्हणाला, ‘‘तू नव्हतास, मी पाहिलं नाही.’’ दर वेळी त्याचा आवाज खोल जात होता, पण त्याने एक शब्द गाळला नाही. बाहेर भल्लाटाची आजी मोठ्याने रडू लागली. नऊ पाट शांत झाले.

दहाव्या पाटावरून खोकला आला. आणि कुणी नाव घेण्याआधीच आवाज आला, ‘‘मी जाऊ का?’’

कपिलेने मुलाला मिठी मारली. सुनेत्र त्या रिकाम्या पाटापुढे गुडघ्यांवर बसला. म्हणाला, ‘‘पूर्णका, तू गेलेला नाहीस. तू जिवंत आहेस आणि तुझी जागा आम्ही खाल्ली. मी खाल्ली. हेही तितकंच खरं आहे. हे खरं असेल तर जाऊ नकोस, आईकडे परत ये.’’

काही झालं नाही. तेवढ्यात खांबाजवळून दृढनेमी आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने आपला वाकस उचलला, मुलाची गार बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटली आणि म्हणाला, ‘‘बस. आजपासून शिकवतो. जेवढं मला अजून येतं तेवढं.’’

मुलाची बोटं दांड्यावर घट्ट झाली. त्याच्या तळपायांत रंग आला. त्याने डोळे उघडले, मांडव पाहिला, आईला पाहिलं आणि पाणी मागितलं.

राजाने त्याच दिवशी आज्ञा काढली, की धान्य पाटामागे नाही, काम करणाऱ्या मुलाच्या हातामागे मिळेल, आणि ते हात अध्यक्षाने स्वतः हातात घेऊन पाहायचे. दृढनेमीचा मांडव त्याने जप्त केला नाही. त्याला सांगितलं, ‘‘नऊ मुलं आण आणि मरेपर्यंत शिकव.’’ मग तो सुनेत्राकडे वळला. त्याला फार वाईट वाटत होतं, पण राजाला हजेरी देणारा अध्यक्ष होता, आणि खोट्या हजेरीची शिक्षा कुणालाही माफ नाही, हे त्यानेच ठरवलेलं होतं. सुनेत्राची गाढवावरून धिंड निघाली. रस्त्यात कुणी हसलं नाही. वेशीपाशी पूर्णक उभा होता, स्वतःच्या पायांवर. सुनेत्राने त्याला पाहिलं आणि त्याच्या मनात कसलंही दुःख उरलं नाही. पुढे तो रानाकाठच्या एका खेड्यात राहिला आणि येईल त्या मुलाला, काही न मागता, सुतारकाम शिकवत म्हातारा झाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे लोहक नावाच्या एका थेराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, नऊ लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, आपले शिष्य म्हणून ठेवून घेतले होते. त्यांच्या नावाने येणारी भिक्षा तो घेई आणि त्यांना धम्माची एक ओळसुद्धा शिकवत नसे. कथा संपवून शास्ते म्हणाले, ‘‘भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा उपासक. कपिला म्हणजे याच नगरातली ती उपासिका, जी रोज या मुलांसाठी कांजी आणते. पूर्णक म्हणजे माझ्या भिक्षापात्राची काळजी घेणारा हा तरुण भिक्षू. दृढनेमी म्हणजे लोहक. आसनाध्यक्ष मी होतो.’’

एका भिक्षूने विचारलं, ‘‘भन्ते, आणि ती नऊ मुलं?’’

शास्त्यांनी लोहकामागे ओळीने बसलेल्या श्रामणेरांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘ती पुन्हा येऊन बसली आहेत.’’

लोहकाने मागे वळून पाहिलं. नऊ मुलं त्याच्याकडेच पाहत होती. तो उठला, त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्यांना पहिली ओळ सांगू लागला.

स्वतःच्या चुकीचं सत्य स्वतःच्या तोंडाने सांगणं, ही या जन्मात बोधिसत्त्वाने पूर्ण केलेली सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.