पंतांच्या घरची मूठ

चंद्रगडच्या राजाने ठरवलं, आपल्या राज्यात औषधावाचून कुणाचा जीव जायचा नाही. राजवैद्य अंबूताईंनी योजना मांडली: रोज घरटी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि त्यावर गावोगावी औषधशाळा चालवायची.

प्रधान त्रिंबकपंत भर दरबारात कडाडले, "आम्ही धडधाकट माणसं! दुसऱ्याच्या खोकल्यासाठी आम्ही का द्यायचं?"

अंबूताई हसून म्हणाल्या, "पंतांचं बरोबर आहे. ज्यांच्या घरात पुढे कधीच कुणी आजारी पडणार नाही, त्यांनी उजवीकडे उभं राहावं. त्यांना धान्य माफ. मात्र औषधशाळेचं औषधही त्यांना मिळणार नाही."

पंत ताठ मानेने उजवीकडे निघाले. रोज त्यांच्यासोबत दरबारात येणारी चिमुकली नात रेणूही त्यांचं बोट धरून चालू लागली.

"आजोबा, मीपण इकडेच उभी राहू?"

पंत थबकले. त्यांनी रेणूला कडेवर घेतलं आणि गुपचूप डावीकडे आले. "अंबूताई, आमच्या घरची मूठ जरा मोठी असते. चालेल ना?"

"चालेल की! फक्त ती औषधाच्या रूपाने परत घ्यायची वेळ तुमच्यावर कधी न येवो."