काटगडाच्या कड्यावरची पट्टी

‘अक्कानं स्वतःच्या नजरेचं माप सोडून माझ्या गाठीचं माप का धरलं?’

हा प्रश्न नाथानं भागू मोळीवालीला विचारला, गडाच्या शिपायांना विचारला, बाजाराला आलेल्या परक्या माणसांना वाटेत अडवून विचारला, असे सांगतात. हिरडवाडीत पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी या कड्याखाली आणतो आणि मगच हा प्रश्न सांगतो. कडा बघितल्याशिवाय तो कळायचा नाही.

वर बघा. काळाभोर कडा, आणि पार माथ्याशी एक खिडकी. माणूस अंग चोरून कसाबसा बाहेर येईल, एवढीच. त्या खिडकीपासून एक पांढरी पट्टी खाली उतरली आहे. वीतभर रुंद, ओळंब्यासारखी सरळ. पण जमीन तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढी, उरली की पट्टीचं काहीतरी बिनसतं. तिथून खाली ती वेडीवाकडी होते, तुटते, पुन्हा जुळते, कुठे रुंद, कुठे बोटभर. पायथ्याशी दगडांचा ढिगारा आहे, त्याच्या कडेनं ती खाली येते आणि तिचं टोक जमिनीवर चार बोटं आडवं पडलं आहे. शिकलेले लोक म्हणतात ती गारगोटीची शीर आहे. असेल.

आता गावात शिवलेला कुठलाही कपडा उलटा करून बघा. खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्तीचं सापडेल. गिऱ्हाईकानं कितीही कुरकुर केली तरी आमचा शिंपी ते कापत नाही. ही चाल नाथानं पाडली. त्याच्या आधी हिरडवाडीत कापड जास्तीचं सोडायची रीतच नव्हती, कारण तेव्हा शिवायला आवडी होती.

आवडी नाथाची थोरली बहीण. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा ती चौदाची होती आणि नाथा चारचा. बापाची सुई तिनं हातात घेतली ती पुन्हा खाली ठेवली नाही. सात गावची माणसं तिच्याकडे यायची. बाजारात तयार बंड्या, अंगरखे मिळायचे, तिच्याहून स्वस्त मिळायचे, तरी माणसं तिच्या ओसरीवर चार-चार दिवस थांबायची. हिरोजी पाणक्याचा उजवा खांदा कावड वाहून वाहून खाली गेला होता. आवडीनं त्याच्या बंडीचा तो खांदा आतून अर्धं बोट उचलून शिवला. बंडी अंगात घालून हिरोजी बाजारात गेला तर लोक म्हणाले, “पाणक्या, तू लग्नाबिग्नाचं मनावर घेतलंस का? सरळ चालायला लागलास!” हिरोजी म्हणे त्या दिवशी रडला. आवडीचं काम तसं होतं. अंगात घातलं की वाटायचं, आपल्याला कुणीतरी नीट बघितलंय.

गावातल्या प्रत्येकाचा एक मापाचा दोरा तिच्या घरी खुंटीला असायचा. खांदा आला की गाठ, बाही आली की गाठ, कंबर आली की गाठ. दोरे होते, पण ते रीत म्हणून. खरं माप तिच्या नजरेत होतं. माणूस अंगणातून ओसरीवर येईपर्यंत ते घेऊन झालेलं असायचं. शिवणीपुरती माया सोडायची, त्यावर एक धागा जास्तीचा नाही.

दोरा नव्हता तो फक्त नाथाचा. दोरा अंगाला लावला की हा हलायचा, पळायचा.

“उभा राहा रे जरा, हलू नकोस,” ती म्हणायची. “तुझं माप घेण्यापेक्षा वासराला टोपडं घालणं सोपं.”

“उद्या घे, अक्का!” असं म्हणत तो अंगण ओलांडून गेलेला असायचा. त्यामुळे सात गावं आवडीच्या कपड्यात आणि तिचा सख्खा भाऊ बाजारातल्या ढगळ बंडीत.

नाथा अठराचा झाला त्या वर्षी काटगडाला नवा किल्लेदार आला. एका बुधवारी तो बाजार बघायला खाली उतरला. अंगरखा भारी रेशमी होता, पण पाठीवर फुगलेला आणि काखेत ताणलेला. नाथा कासाराच्या पालाशी उभा होता. त्याच्या जिभेला कधीच गाठ नव्हती.

“पाठीवर बघा रे,” तो म्हणाला, “आत मांजर बसलंय का काय!”

माणसं हसली. किल्लेदाराचा कारकून मागेच होता. तो थांबला. “तुझ्या घरी याहून बरं शिवतात वाटतं?”

“माझी अक्का शिवते. दोरासुद्धा लावायची नाही. इथून नुसती बघेल आणि शिवेल, सुरकुती दाखवा मग!”

तिसऱ्या दिवशी चार शिपाई दारात आले. आवडीनं सुई-कात्री फडक्यात बांधली. जाताना नाथाला एवढंच म्हणाली, “भाकरी झाकून ठेवलीय. मी अंगरखा शिवून येते.”

किल्लेदारानं शब्द दिला होता म्हणे, की अंगरखा अंगाला बरोबर बसला की ती खाली जाईल. अंगरखा झाला. त्यानं तो घातला, आरशापुढे उभा राहिला. सगळ्यांनी बघितलं, अंगरखा कातडीसारखा बसला होता. तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काखेत आवळतो.” तिनं दुसरा शिवला. “काखेत आवळतो.” तिसरा. चौथा. त्याची लबाडी गडावरच्या सगळ्यांना कळत होती. तिचा अंगरखा एकदा अंगात गेल्यावर दुसऱ्या कुणाचा त्याला टोचायला लागला होता. बरोबर बसला असं म्हणायचं तर तिला सोडायला लागणार. म्हणून तिला कड्यावरच्या त्या कोठडीत ठेवली. एक दार, त्याला बाहेरून कडी, आणि एक खिडकी, जिच्याखाली नुसती हवा.

खाली नाथा तितकाच कोंडलेला. गडाच्या दरवाजातून त्याला पाच वेळा हाकललं, सहाव्या वेळी बदडलं. मग तो कड्याखालीच राहायला लागला. सकाळी उठून वर बघायचं. खिडकीत हात दिसला तर तो दिवस बरा. गाव हाका मारायचं, जेवायला ये, लग्नाला ये, पण त्याचा पाय तिथून निघायचा नाही. माझ्या एका हसण्यापायी, एवढंच तो म्हणायचा.

गडावर ये-जा होती ती भागूची. ती मोळ्या घेऊन वर जायची. असे चौदा महिने गेल्यावर ती एकदा कड्याखाली टेकली आणि तिनं मोळीची दोरी वळता वळता निरोप सांगितला.

“नाथ्या, नीट ऐक. सात अंगरख्यांच्या चिंध्या साठल्यात तुझ्या अक्काकडे. ती त्यांची पट्टी शिवून त्यावरून उतरणार. पण किती लांब शिवायची ते तिला पाहिजे. येत्या बुधवारी दुपारी शिपाई बाजारात असतात. ती सुपारी बांधून दोरा सोडेल. सुपारी जमिनीला टेकली की खिडकीपासनं ताठ धर आणि तिथं गाठ मार. जमिनीला, म्हणाली. दोनदा म्हणाली.”

“कळलं गं मावशी!”

“तुला सगळं कळतं, तेच वाईट आहे,” भागू म्हणाली आणि उठली.

बुधवारी नाथा पहाटेपासून उभा होता. ऊन माथ्यावर आलं तेव्हा खिडकीतून सुपारी निघाली. दुपारचा वारा सुटला होता. हलका दोरा वाऱ्यावर डावीकडे जायला लागला. डावीकडे हत्तीदगड आहे, तो बघा, तीन पुरुष उंच, कड्याला चिकटलेला. दोरा त्याच्या डोक्यावर हेलकावे खात राहिला आणि खाली येईना. नाथानं थोडं थांबायचं होतं. वारा पडला असता. पण चौदा महिन्यांनी अक्काच्या हातातली एक वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे झुलत होती, आणि वाटेवर कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. तो हत्तीदगडावर चढला, उडी मारून दोरा पकडला आणि तिथंच गाठ मारली. हत्तीदगड म्हणजे जमीनच की, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी भागूनं विचारलं, “जमिनीला टेकला होता ना?”

“टेकला, टेकला.”

आवडी तीन महिने शिवत होती. मग अशाच एका बुधवारी तिनं पट्टी सोडली. पट्टी जड होती, ती वाऱ्याला जुमानली नाही, सरळ ओळंब्यासारखी खाली आली. हत्तीदगड पंधरा हात बाजूला राहिला. पट्टी तीन पुरुष वर येऊन थांबली.

नाथाला ते त्याच क्षणी दिसलं. तो ओरडला, “अक्का, मागं जा! कमी आहे! मागं जा!” पण ती खिडकीबाहेर आलेली होती आणि त्या खिडकीत बाहेरून आत जाता येत नाही. ती उतरत राहिली. खाली नाथा वेड्यासारखा धावत होता, कधी हात पसरून, कधी दगड गोळा करत, कधी हत्तीदगडाकडे जाऊन परत येत. ती टोकाशी आली. तिनं खाली बघितलं.

“नाथा,” ती म्हणाली, “उभा राहा रे जरा. हलू नकोस.”

आणि तो उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा. हात पसरून, वर बघत, श्वाससुद्धा धरून.

आवडीनं एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, कड्याला पाय रेटला आणि अंग पलीकडे टाकलं. त्याच्या अंगावर पडू नये म्हणून. तिच्या नजरेचं माप कधी चुकायचं नाही. ती त्याच्यापासून बरोबर दोन हात पलीकडे पडली आणि गेली.

तिच्या कमरेला एक बंडी बांधलेली होती, चिंध्यांची, आणि तीत गुंडाळलेली तिची सुई-कात्री. नाथानं ती तिथंच अंगात घातली. ती खांद्यात, बाहीत, कमरेत अशी बसली की कुठे बोट शिरू नये. त्याचं माप तिनं कधीच घेतलं नव्हतं. चौदा आणि तीन, सतरा महिने तिनं त्याला बघितलं ते कड्याच्या माथ्यावरून, मुंगीएवढा.

मग भागूनं गडावरची गोष्ट सांगितली. कोठडीच्या कोपऱ्यात चिंध्यांची घडी उरली आहे, नीट रचलेली, अजून तीन-चार पुरुष पट्टी होईल एवढी. माथ्यावरून मुंगीएवढ्या माणसाची बाही जिला कळली, तिला कडा कळला नसेल? कापड हाताशी असून तिनं शिवलं का नाही? तेव्हा नाथानं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. भागूनं मोळी डोक्यावर घेतली आणि ती गडाच्या वाटेला लागली.

किल्लेदारानं पट्टी ओढून घ्यायला माणसं लावली. पट्टी हलली नाही. ती दगडाला शिवल्यासारखी बसली होती. त्या दिवसापासून त्याला कुठलाही अंगरखा काखेत खरोखरच आवळायला लागला, आणि ऐन थंडीत तो उघडा फिरायचा, असे सांगतात.

नाथानं आवडीला अग्नी दिला आणि घरी न जाता नदीवर गेला. एक दगड आणला आणि पट्टीखाली ठेवला. परत गेला, दुसरा आणला. दिवसभर तेच. लोक म्हणाले, पोराचं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी हिरोजी पाणक्या आला. त्यानं कावडीत पाण्याच्या घागरींच्या जागी दोन दगड घातले होते. त्याच्या मागून सात गावं आली. जिनं त्यांची अंगं ओळखली तिच्यासाठी प्रत्येकानं एक-एक दगड आणला. ढिगारा दोन पुरुष उंच झाला तेव्हा नाथाचा हात पट्टीच्या टोकाला पोचला.

“कापड द्या,” तो वरून म्हणाला.

तेव्हा लोकांना कळलं, की आपल्या अंगावर तिनं एक धागाही जास्तीचा सोडलेला नाही. द्यायला शिल्लक असं काही नव्हतं. मग हिरोजीनं आपल्या बंडीचा खालचा काठच टर्रकन फाडला आणि वर दिला. बायकांनी लुगड्यांचे पदर दिले. त्या वर्षी सात गावं आखूड कपड्यात फिरली. पुढे कुणी कपडा शिवायला टाकला की नाथा त्या शिंप्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, चार बोटं जास्तीची सोड, कुणाचं काय कमी पडेल सांगता येत नाही.

आयुष्यभर सुईला पाठ दाखवलेल्या नाथानं त्या ढिगाऱ्यावर उभं राहून शिवलं. टाके शेळीच्या उड्यांसारखे पडले. बोटं रक्ताळली. तुकड्याला तुकडा जोडत पट्टी खाली सरकत गेली, तसा तो एक-एक दगड खाली उतरत आला. पण शेवटी जमीन हातभर उरली आणि कापड संपलं. लोक घरी जाऊन आणतो म्हणाले. तो थांबला नाही.

आजही पट्टी वरून सरळ येते आणि शेवटचे तीन पुरुष वेडीवाकडी होते. आजही तिचं टोक जमिनीला टेकून चार बोटं पुढे आडवं पडलेलं आहे, कुणी उतरलंच तर पाय अधांतरी राहू नयेत म्हणून. तो शेवटचा तुकडा नाथाच्या बंडीचा आहे. बरोबर बसलेली ती बंडी त्यानं काढली, जमिनीवर पसरली, आवडीच्या कात्रीनं पोटापर्यंत कापली आणि अक्काच्या पट्टीला जोडून दिली.