साठाच्या पुढची गर्जना

किती वर्षं झाली हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, इतक्या जुन्या काळी समुद्राकाठी मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. घरं टेकडीच्या पायथ्याशी आणि मिठागरं खाली, अगदी पाण्याला लागून. मिठाचा वैरी एकच, पाऊस. म्हणून गावाची रीत ठरलेली होती. ढग गडगडला की हातातला घास टाकायचा, झावळ्या उचलायच्या आणि खाली धावायचं. रास कोणाचीही असो, झाकायची सगळ्यांनी मिळून.

त्या गावात चांगुणा नावाची एक एकटी बाई राहायची. तिची रास सगळ्यांत उंच आणि तिची खोडही सगळ्यांहून न्यारी. वीज चमकली रे चमकली की बाई आकडे म्हणायला लागायची. दहा म्हणेपर्यंत गडगडाट आला तर पाऊस कोसभरावर, वीस म्हणेपर्यंत आला तर दोन कोसांवर. साठाच्या पुढे तिने जन्मात कधी गडगडाट ऐकला नव्हता. तेवढं चालून आवाज वाटेतच दमतो, असं ती म्हणायची. गावाचा मुकादम धर्माजी तिला हसायचा. आधी रास झाकावी, मग खुशाल आकडे म्हणत बसावं, असं तो चारचौघांत ऐकवायचा. बिचारा वाईट नव्हता, पण स्वतःच्या अकलेवर भारी खूश होता.

एके दिवशी दुपारी सगळं गाव जेवायला घरी गेलं होतं. चांगुणा मात्र एकटीच मीठ ओढत होती. तेवढ्यात दूर पश्चिमेला, आभाळ पाण्याला टेकतं तिथे, लख्खकन काही चमकलं आणि धुराचा काळाकुट्ट खांब वर चढू लागला. सवयीने तिच्या तोंडी आकडे आले. साठ झाले, काही नाही. शंभर झाले, दोनशे झाले. स्वतःलाच वेडी म्हणत ती मोजत राहिली.

चारशेचा आकडा तोंडात होता आणि आवाज आला!

काय सांगू तो आवाज! पायाखालचा बांध हादरला. गावातली मडकी उतरंडीवरून खाली आली. चांगुणाने मनाशी हिशेब केला. आवाज चाळीस कोस चालून आला होता आणि तरी दमला नव्हता.

वर गावाने काय केलं? जे नेहमी करायचं तेच. पश्चिमेला काळोखी दाटलेली, वरून एवढा गडगडाट. बाया, बाप्ये, लेकुरवाळ्या, सगळे झावळ्या घेऊन खाली, पाण्याकडे धावत सुटले. पुढे धर्माजी.

चांगुणा बांधावर आडवी उभी राहिली. हे ढगाचं काम नाही, तो धुराचा खांब आहे, समुद्रातला आगीचा डोंगर फुटला आहे, मागे फिरा, असं तिने विनवलं. धर्माजी चिडला. वर्षाची मेहनत विरघळेल, वाट सोड, म्हणाला.

"मुकादम, तळ्यात दगड पडला की आवाज आधी येतो, लाट काठाला मागून लागते," चांगुणा म्हणाली. "ज्याचा आवाज चाळीस कोस आला, त्याने समुद्राला जागेवर बसू दिलं असेल का?"

धर्माजीला ते पटेना. लोक घुटमळले, पण पाय खालीच ओढत होते. मग चांगुणा बोलायची थांबली. स्वतःच्या उंच, उघड्या राशीकडे तिने एकदा डोळे भरून पाहिलं. पाठ फिरवली आणि लोकांमधून वाट काढत टेकडीकडे चालू लागली.

आजवर गडगडाट झाला आणि चांगुणाने रास उघडी टाकली, असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. धर्माजी त्या राशीकडे बघत राहिला. त्याच्या हातातल्या झावळ्या गळून पडल्या.

"चला रे मागे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना उचला."

सगळं गाव टेकडीच्या माथ्यावर पोहोचलं तेव्हा समुद्र आधी मागे सरला, आणि मग आला. राशी गेल्या, बांध गेले, पायथ्याची घरंही गेली. पाणी ओसरल्यावर धर्माजीने माणसं मोजली. एकही कमी भरलं नाही. तो चांगुणाच्या पायाशी बसला आणि लहान लेकरासारखा रडला. तिने त्याला उठवलं आणि पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले.

"केवढा रे तुझा गळा," ती त्या फुटलेल्या डोंगराला म्हणाली. "आम्हाला सांगायला पाण्याच्या आधी धावत आलास."

पुढे वाटसरूंकडून कळलं की तो आवाज हजार कोसांपर्यंत गेला होता. एका राजाने शत्रूच्या तोफा समजून तीन दिवस फौज उभी ठेवली. एका रानात गुराख्यांनी कडा कोसळला असं समजून गुरं हाकलली. ज्याने त्याने आपल्या ओळखीचाच अर्थ लावला. त्या गावाने मात्र आपली रीत बदलली. गडगडलं की आधी सगळे थांबतात, आवाज कुठून आला ते ठरवतात आणि मगच धावतात.

तात्पर्य: आवाज कितीही दूर जावो, तो कुठून आला हे विचारणाऱ्यालाच त्याचं सांगणं कळतं.