गाळ समुद्राकडे निघाला

खाडीकाठचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र नवंनवं होतं, तेव्हाची गोष्ट. टाकीतल्या जिवंत, सूक्ष्म जंतूंनी भरलेल्या गाळाने पाण्यातली सगळी घाण खाल्ली आणि तो पुढच्या टाकीच्या तळाशी जाऊन बसला. वरचं नितळ पाणी समुद्राकडे निघालं.

"मलाही ने की!" गाळ म्हणाला. पण पंपाने त्याला ओढलं आणि पुन्हा पहिल्या टाकीत नेऊन सोडलं.

"परत त्याच घाणीत? माझं काय चुकलं?" गाळ भडकला.

"अरे, सगळं दही खाऊन टाकलं, तर उद्या विरजण कुठून आणायचं?" पंप म्हणाला.

तेवढ्यात काळंकुट्ट पाणी अंग चोरत आत आलं. "समुद्र मला घेईल का रे?"

गाळाचा राग निवळला.

"ये," तो म्हणाला. "आत्ता गेलं ना, तेही हेच विचारत आलं होतं."