रावसाहेबांच्या गाडीची वायर

घाटाच्या पायथ्याशी रावसाहेब भोइट्यांचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस व्यापारी संघाचा अध्यक्ष, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. आमच्या आळीतल्या वत्सलाकाकूंनी सुनेच्या स्कूटरसाठी ब्रेकची स्वस्तातली वायर त्यांच्याकडूनच नेली होती. आठ दिवसांत तिच्या तारा सुटल्या. काल सुनेनं भर उतारावर पाय घासत गाडी थांबवली. चपलेचा तळ गेला, पोर वाचली. उद्या पुन्हा तोच घाट उतरून कामावर जायचं होतं.

काकू तुटकी वायर घेऊन आल्या, तर रावसाहेबांनी तसलीच दुसरी पुढ्यात टाकली.

“कंपनीची नाही का?” काकूंनी विचारलं.

“कंपनीचं नुसतं नाव असतं, काकू. माल दोन्हींत एकच. बायकांना यातलं काय कळायचं?”

गिऱ्हाइकं हसली. आपल्याच काटकसरीनं सून घाटात मेली असती, हे काकूंना आतून कुरतडत होतं. तेवढ्यात त्यांना दारातली रावसाहेबांची हार घातलेली स्कूटर दिसली.

“मग असं करा,” त्या म्हणाल्या, “ही कोरी वायर तुमच्या गाडीला घाला आणि तुमची जुनी मला द्या. माल एकच, वर नवी मिळाली, फायदा तुमचाच.”

रावसाहेबांनी एकदा स्कूटरकडे पाहिलं, एकदा घाटाकडे, आणि वरच्या फळीवरून कंपनीची वायर काढली.

मघाशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेल्या गिऱ्हाइकानं पिशवीतली आपली वायर हळूच गल्ल्यावर ठेवली. “मलाही तीच द्या,” तो म्हणाला, “काकूंना दिलीत ती.”