खंडेनवमीचा हार

खंडेनवमीला हॉटेलमालक तात्यासाहेब ढमढेऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरवाल्या फ्रिजची पूजा केली आणि त्याच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढवला. दसऱ्याला दुपारी आतल्या मटणाला वास यायला लागला.

मेकॅनिक यमुना बोऱ्हाडे आली. "हारानं जाळी बुजलीय, मशीनला हवा मिळत नाही. हार काढा."

"माझ्या हातचा हार आहे! सुकेपर्यंत निघणार नाही," तात्यासाहेब गरजले. "तुम्ही मशीन दुरुस्त करा."

यमुनानं भिंतीवरचा त्यांच्या सत्काराचा फोटो पाहिला. हार पार नाकापर्यंत आले होते.

"हे किती वेळ घातले होते?"

"फोटोपुरते. जीव गुदमरतो हो!"

यमुनानं मोबाइल काढला. "जरा बाजूला व्हा. याचाही फोटो काढून घेते."

फोटो निघाला. हार तात्यासाहेबांनीच उतरवला.