लेकीच्या पाठवणीचा तंबोरा

फार जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गाढवंसुद्धा बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत.

नदीकाठच्या एका गावात घरोघरी तंबोरा असे. माणसाएवढा उंच, खाली भला मोठा भोपळा, वर नाजूक नक्षी. दिवेलागणीला सगळं घर त्याच्याभोवती बसून गाई. हे तंबोरे घडवणारा कारागीर गावात एकच होता आणि त्याच्या लेकीचा गळा फार गोड होता.

त्या लेकीचं लग्न मेंढपाळांच्या कुळात ठरलं. ती माणसं पालं ठोकून राहत आणि चारा संपला की पुढच्या डोंगराची वाट धरत.

"बाबा, मला दागिने नकोत," लेक म्हणाली. "तंबोरा द्या. तो नसला तर माझं गाणं तिकडे सुटेल हो."

कारागिराने आपला सर्वांत देखणा तंबोरा गाढवावर लादून पाहिला. गाढव थोडं चाललं आणि थांबलं.

"मालक, ओझ्याचं काही नाही," ते म्हणालं. "पण उतारावर मी एकालाच सांभाळीन. याला, नाहीतर स्वतःला."

'गाढवाला गाण्यातलं काय कळतं!' असं पुटपुटत कारागीर घरात गेला. पण डोंगरातले उतार त्यालाही ठाऊक होते. मग त्याने सगळंच लहान केलं. भोपळा लहान, दांडी लहान, तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही लहान. दिसायला खेळणं आणि वाजायलाही खेळणंच! डास गुणगुणावा तसा आवाज आला. लेकीचे डोळे भरून आले, आणि ते बापाच्या जिव्हारी लागलं.

"तुझ्या वडिलांनी केला तसाच तंबोरा कर," गावकरी म्हणाले. "नाहीतर करूच नकोस."

"माझ्या वडिलांच्या लेकी याच गावात नांदल्या," कारागीर म्हणाला. "माझी डोंगरात नांदणार आहे."

त्याने घरातला जुना तंबोरा पुढ्यात घेतला. "मी एकेक गोष्ट बदलत जातो," तो लेकीला म्हणाला. "तू गात राहा. सूर गेला की सांग."

त्याने नक्षी काढली. "आहे, बाबा." दांडी आखूड करून जाड तारा चढवल्या. "आहे." मग भोपळाच काढला आणि त्या जागी लाकडाची चपटी पेटी बसवली.

"आवाज कमी झाला, पण सूर आहे," लेक म्हणाली. "पालात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसणार. मोठा आवाज हवाय कुणाला?"

शेवटी त्याने घोडीवर तारेखाली असलेला सुताचा बारीक दोरा ओढून काढला. तार कोरडी ठण्ण वाजली.

"गेला!" लेक ओरडली.

कारागीर खदखदून हसला. उभा जन्म तो भोपळे निवडण्यात घालवत आला होता आणि दोरा लावताना त्याने कधी दोनदा पाहिलंही नव्हतं. त्याने दोरा पुन्हा जागच्या जागी घातला, घोडी होती तशीच ठेवली, बाकीचं बेधडक बदललं. लेक सासरी निघाली ती तो चपटा तंबोरा खांद्याला अडकवून.

काही वर्षांनी तो लेकीला भेटायला डोंगरात गेला. तंबोऱ्याची फळी बदललेली, दांडीला लोकरीचा पट्टा! कारागिराच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय केलंस गं?"

"इथल्या पावसात तुमची फळी फुगली, बाबा. म्हणून इथल्याच लाकडाची घातली. सूत मिळेना, म्हणून दोरा लोकरीचा वळला."

कारागिराने वाकून पाहिलं. तारेखाली दोरा अगदी जागच्या जागी होता. त्याने तार छेडली. पाल सुराने भरलं, आणि मेंढपाळांच्या पोरी त्या सुरात गाऊ लागल्या. त्यांतली एक त्याची नात होती.

"आता हा माझा राहिला नाही," म्हातारा म्हणाला, आणि असा आनंद त्याला स्वतःच्या कुठल्याही तंबोऱ्याने दिला नव्हता.

तात्पर्य: वस्तूचा प्राण कशात आहे हे ज्याला कळलं, त्याने तिचं रूप खुशाल बदलावं.